आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी

आईच्या पित्ताशयात खडे आहेत हे सोनोग्राफीत कळलं ते जुलै २०२५ च्या शेवटी. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं आता कुणाला फारसं काही वाटत नाही. आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्येच दोघी-तिघींचं झालंय, तिसऱ्या दिवशी जिना चढून घरी. पण आईला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली आणि २००८ साली परळला तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून ती रोज रात्री जेवणानंतर रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रॉम घेते. गोळी चालू ठेवून कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. गोळी थांबवली तर झडपेवर गुठळी धरू शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. ऑपरेशनपेक्षा आम्हाला धास्ती होती ती या दोन्हींच्या मधल्या दिवसांची.

ऑपरेशन सप्टेंबरात झालं, आई बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. खालचे आकडे आणि तारखा आईच्या आहेत. तुमच्या माणसाची गोळी, आजार, वजन, किडनी सगळं वेगळं असणार, म्हणून डोस यातून उचलू नका. कुणाला काय विचारायचं तेवढं घ्या.

२ ऑगस्टला सर्जनना दाखवलं. दादरजवळचं ट्रस्टचं हॉस्पिटल, सकाळी टोकन घेतलं, नंबर लागला दुपारी. सर्जन शांत माणूस. दोनदा कळ येऊन गेली आहे, खडे बारीक आहेत, पित्ताच्या नळीत सरकले तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज, तेव्हा धावपळीत ऑपरेशन करावं लागण्यापेक्षा ठरवून केलेलं बरं, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलं, कारण घाईच्या ऑपरेशनात गोळीचा असर उतरायला वेळच मिळत नाही. मग व्हिटॅमिन के, प्लाझ्मा असलं काहीबाही द्यावं लागतं. निघताना आरएमओने, म्हणजे तिथल्या निवासी डॉक्टरने, एक छापील कागद दिला. ‘ब्लड थिनर ५ दिवस आधी बंद, कार्डिओलॉजिस्टचं फिटनेस आणणे.’ कोणतं ब्लड थिनर, त्याला जागाच नव्हती.

८ ऑगस्टला कार्डिओलॉजिस्ट. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला (२,२०० रुपये), झडप नीट उघडझाप करतेय, आजूबाजूला गुठळी दिसत नाही. मग मी तो छापील कागद पुढे केला. मॅडमनी ‘५ दिवस’वर पेनाने रेघ मारली. हा पाच दिवसांचा हिशेब वॉर्फरिन या दुसऱ्या गोळीचा, म्हणाल्या. वॉर्फरिन शरीरातून निम्मं कमी व्हायलाच दीड दिवसाच्या वर लागतो. अ‍ॅसिट्रॉम त्याच घराण्यातलं, पण त्याला आठ ते अकरा तास पुरतात. त्यामुळे तीन दिवस बंद ठेवलं तरी भागतं. पाच दिवस बंद म्हणजे आणखी दोन दिवस झडप उघड्यावर, नाहीतर गोळीच्या जागी द्यायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं तेवढी जास्त.

तेव्हा मी विचारलं ते इंजेक्शनांचंच. शेजारच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना कसलंही इंजेक्शन दिलं नव्हतं. त्यांची गोळी ॲपिक्साबॅन, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून. ती आदल्या दोन दिवसांत घ्यायची नाही असं सांगितलं, एवढंच. आमच्याकडेच हा खटाटोप का?

मॅडमनी समजावलं ते मी घरी येऊन वाचूनही काढलं. पूर्वी गोळी थांबवली की बहुतेकांना मधल्या दिवसांत हेपरिनची इंजेक्शनं देत. २०१५ मध्ये ब्रिज नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठोके अनियमित असलेले आणि वॉर्फरिन घेणारे १,८८४ रुग्ण होते. निम्म्यांना इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नुसतं खोटं, औषध नसलेलं. गुठळीचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, ०.३ आणि ०.४ टक्के. मोठा रक्तस्राव मात्र इंजेक्शनवाल्यांत ३.२ टक्के, बाकीच्यांत १.३. म्हणजे अशा बऱ्याच जणांना इंजेक्शनाचा फायदा नाही, तोटाच. आणि ॲपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या इतक्या झटपट उतरतात आणि चढतात की मधे भरायला फट उरतच नाही. पण आईसारखी धातूची झडप असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. त्यातही मायट्रल जागेची झडप जास्त नाजूक, कारण तिथे रक्ताचा दाब कमी, प्रवाह संथ. त्यामुळे आईला इंजेक्शन हवंच, असं त्यांचं मत. नव्या गोळीवर बदलता येईल का, हेही मी विचारून घेतलं. नाही. धातूच्या झडपेवर डाबिगाट्रान ही नवी गोळी देऊन पाहिली होती, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि तो अभ्यास मधेच थांबवावा लागला.

वहिनीच्या वडिलांना स्टेंट आहे, त्यांची क्लोपिडोग्रेल. त्यांचा हिशेब आणखी तिसराच. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाकडे एक अनुभव होता आणि प्रत्येकाचा खरा होता, फक्त दुसऱ्या गोळीचा.

तारीख ठरवताना आमच्या घरात जे झालं ते लालबागकरांना सांगायला नको. २७ ऑगस्टला गणपती, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स सोडा, माणूस सरळ चालू शकत नाही. त्यानंतर पितृपक्ष. मावशीचं म्हणणं, पंधरवड्यात शस्त्र लावू नये. सर्जनच्या सेक्रेटरीने हसत सांगितलं की पितृपक्षात ऑपरेशन थिएटर मोकळं असतं, हवी ती वेळ देते. आईनेच निकाल लावला, “बाबा काय वरून तारीख बघून मला न्यायला येणार आहेत?” बुधवार १७ सप्टेंबर, सकाळी ९ ची पहिली केस. पहिली केस मागून घ्या. शेवटचं इंजेक्शन किती वाजता, हे ऑपरेशनच्या वेळेवर ठरतं, आणि केस चार तास पुढे ढकलली की सगळं गणित हलतं.

रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर या तपासणीत कळतं, आकडा जितका जास्त तितकं रक्त पातळ. आईचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायचा असतो. ऑपरेशनला तो १.५ च्या खाली हवा. ३० ऑगस्टला नेहमीची तपासणी केली तर २.१. गोळी एकही चुकलेली नव्हती. मॅडमना रिपोर्ट पाठवला, त्यांचा उलट प्रश्न आला, “ऋषीची भाजी किती खाल्ली काकूंनी?” दोन दिवस ऋषीपंचमीची भाजी आणि वर अळूवड्या. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं, आणि ही गोळी काम करते ती यकृतात त्याच व्हिटॅमिनच्या आड येऊन. पालेभाजी बंद करायची नसते, पण रोज साधारण सारखी खायची असते. डोस बदलला नाही, आठवड्याने परत पाहिला, २.८.

११ सप्टेंबरला भूलतज्ज्ञांची तपासणी. इथे वेळ काढून जा. त्यांनी झडपेचं कार्ड मागितलं. आईची झडप चित्रा, म्हणजे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेली. १९९० पासून ती आपल्याकडे बसवतात. कार्ड होतं ते बाबांच्या जुन्या फायलीत, लॅमिनेशन सुटलेलं, पण नंबर वाचता आला. वजन ५८ किलो. क्रिएटिनिन मुद्दाम पाहिलं, कारण मधल्या दिवसांत द्यायचं एनॉक्सापॅरिन हे हेपरिनच्याच जातीचं इंजेक्शन किडनीवाटे बाहेर पडतं आणि किडनी अधू असेल तर ते अंगात साठतं. ते ठीक निघालं.

आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वात कामाची गोष्ट. कार्डिओलॉजिस्टचं पत्र वेगळं, सर्जनची फाईल वेगळी, भूलतज्ज्ञांचा कागद वेगळा. तिघंही चांगले, पण एकमेकांशी बोलायला त्यांना वेळ कुठे? आणि तिन्ही कागदांत ‘ऑपरेशनच्या आधी’, ‘ऑपरेशननंतर’ असे शब्द, तारीख कुठेच नाही. म्हणून मी एका कोऱ्या पानावर १३ तारखेपासून पुढे रोजची एक ओळ आखली. तारीख आणि वार, सकाळी ७ ला काय, संध्याकाळी ७ ला काय, रात्रीची गोळी आहे की नाही, आयएनआर कधी काढायचा आणि किती आला तर कुणाला फोन. ते भूलतज्ज्ञांपुढे ठेवलं. त्यांनी एक वेळ बदलली, सही केली. सर्जनना ओपीडीच्या दारात गाठलं. कार्डिओलॉजिस्टना फोटो पाठवला, त्यांनी ‘ओके’ लिहून दिलं. ऑपरेशननंतरच्या ओळी पेन्सिलीने लिहिल्या, कारण त्या रक्तस्राव किती होतो त्यावर ठरणार होत्या. तिघांना दाखवायला लाज वाटत होती, शाळेचं प्रगतिपुस्तक फिरवल्यासारखं वाटत होतं. एकही डॉक्टर चिडला नाही.

मेडिक्लेमचं याच आठवड्यात. टीपीएच्या (विमा कंपनीतर्फे क्लेम पाहणाऱ्या एजन्सीच्या) खिडकीवर पूर्वमंजुरीचा फॉर्म दिला, दुसऱ्या दिवशी क्वेरी आली, ‘हृदयरोग कधीपासून, पॉलिसी कधीपासून?’ दादाची पॉलिसी २०१६ ची, झडप तेव्हाच जाहीर केलेली. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं असते, त्यामुळे अडचण नव्हती. तरी २००८ चं डिस्चार्ज कार्ड मागितलंच. जुने कागद स्कॅन करून फोनमध्ये ठेवा. आणि दाखल होण्याआधी विकत घेतलेली इंजेक्शनं, आयएनआर, इको यांची बिलं चिठ्ठीसकट जपा. बऱ्याच पॉलिसींत आधीच्या ३० दिवसांचा आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च नंतर मागता येतो.

शनिवारी १३ तारखेला रात्री शेवटची अ‍ॅसिट्रॉम. रविवारी रात्री आठच्या सुमाराला आईचा हात सवयीने डबीकडे गेला. वहिनीने डबीच आपल्या कपाटात नेऊन ठेवली होती. सतरा वर्षं न चुकलेली गोळी मुद्दाम न घेणं आईला अवघड गेलं, रात्री तिने दोनदा विचारलं, “नक्की नाही ना घ्यायची?” सोमवारी सकाळी लॅबचा मुलगा रक्त घेऊन गेला, १.९. ठरल्याप्रमाणे २.५ च्या खाली आला म्हणून त्याच सकाळी एनॉक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम सुरू, दर बारा तासांनी. किलोमागे एक मिलिग्रॅम असा तो हिशेब असतो.

भरलेली सिरिंज येते, एकेक साधारण ४२० रुपयांना पडली. नाक्यावरच्या दोन केमिस्टांकडे ६० ची नव्हती, ४० ची आहे म्हणाले. ४० च्या दोन घेऊन अंदाजाने टोचू नका. आधी दोन दिवस ऑर्डर देऊन ठेवा. टोचायला हॉस्पिटलच्या सिस्टरने शिकवलं होतं. बेंबीपासून दोन इंच लांब, पोटाची चरबी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, हळूहळू दाबायचं, सुई बाहेर आल्यावर चिमूट सोडायची. आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. नंतर चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं होतं. रोज बाजू बदलायची. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते आणि आई मला धीर देत होती. वापरलेल्या सिरिंजा जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकल्या आणि नंतर हॉस्पिटलात परत दिल्या. कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हाताला सुई लागू नये.

मंगळवारी १६ ला सकाळी ७ ला शेवटचं इंजेक्शन, म्हणजे ऑपरेशनच्या आधी चोवीस तासांहून जास्त. दुपारी दाखल. संध्याकाळी सातला ड्युटीवरची सिस्टर ट्रे घेऊन आली. फाईलमध्ये ‘दर बारा तासांनी’ लिहिलं होतं आणि ती आपलं काम करत होती. आम्ही आमचं पान फाईलच्या पहिल्या पानावर टाचलेलं होतं. तिने वाचलं, भूलतज्ज्ञांना फोन लावला, इंजेक्शन परत गेलं. सातचा आयएनआर १.३.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सव्वानऊला आत, साडेदहाला सर्जन बाहेर येऊन म्हणाले, दुर्बिणीतूनच झालं, पोट उघडावं लागलं नाही, रक्त फार गेलं नाही, खबरदारी म्हणून आतलं पाणी बाहेर यायला पोटात एक नळी ठेवली आहे. खडे एका डबीत दिले. दादाने ते सगळ्यांना दाखवले, नको असणाऱ्यांनाही.

खरा वाद नंतर झाला. मला वाटत होतं ऑपरेशन झालं, आता लगेच इंजेक्शन सुरू करा, झडप उघड्यावर आहे. सर्जन म्हणाले, आतली जखम ताजी आहे, पूर्ण डोसचं हेपरिन आजच दिलं तर रक्त पोटात साचेल आणि मग सगळंच आठवडाभर बंद ठेवावं लागेल. ही गोष्ट माझ्या डोक्यात आधी नीट शिरली नव्हती. घाई केली की गुठळीपासूनचं संरक्षण लांबतं. १८ ला नळीत जेमतेम गुलाबी पाणी, हिमोग्लोबिन ११.२ चं १०.६. त्या रात्री अ‍ॅसिट्रॉम नेहमीच्या डोसने सुरू. गोळीचा असर चढायला तसेही काही दिवस लागतात, म्हणून ती लवकर सुरू करतात. १९ ला नळी काढली आणि संध्याकाळी, ऑपरेशननंतर अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, इंजेक्शन परत सुरू. पेन्सिलीच्या ओळींवर पेन फिरवलं.

२० ला शनिवारी डिस्चार्ज. विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा २०२४ पासून नियम आहे. आमची त्याहून उशिरा आली, तोवर आई कपडे बदलून पलंगावर बसून होती. त्या वेळात डिस्चार्जचा कागद वाचून काढला हे बरं झालं. दुखण्यासाठी असेक्लोफेनॅकची गोळी लिहिली होती, बहुधा सगळ्यांना लिहितात तशीच. रक्ताची गोळी चालू असताना असल्या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. विचारल्यावर लगेच बदलून पॅरासिटामॉल केली. तीही भरपूर आणि बरेच दिवस घेतली तर आयएनआर वाढवते. अँटिबायोटिकमध्ये मेट्रोनिडाझोल आहे का तेही पाहा. त्याने आयएनआर झपाट्याने चढतो.

घरी सकाळचं इंजेक्शन दादा, संध्याकाळचं मी. मी भांडुपची, पण तो आठवडा लालबागलाच राहिले. आईच्या पोटावर निळे-पिवळे डाग पडले होते, ते घाबरण्यासारखे नव्हते. शौच काळी होणं, टाक्यांतून रक्त, पोट फुगत जाणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात जड होणं, यातलं काहीही दिसलं तर फोन करत न बसता थेट कॅज्युअल्टी, असं लिहून फ्रिजवर लावलं होतं.

आयएनआर २१ ला १.४, २३ ला २.०. इथे आमचा धीर सुटत चालला होता. त्यात २२ ला घटस्थापना, आणि आईने नऊ दिवसांचे उपास धरायचे ठरवलेले. मॅडमनी फोनवर तिच्याशी स्वतः बोलून उपास सोडायला लावला. खाणं अचानक बदललं की आकडा कुठेही जातो. आई एवढंच म्हणाली, “मग उठता-बसता करते.” म्हणजे पहिला आणि शेवटचा. २५ ला २.६, २६ ला २.७. सलग दोन आकडे मर्यादेत आल्यावर इंजेक्शन बंद.

खर्चाचं थोडक्यात. हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये गेलं, खिशातून गेले ते हातमोजे वगैरेंचे पाच हजार. इंजेक्शनांचे सात हजारांच्या आसपास. आयएनआर प्रत्येकी ३००, घरी येऊन नेले तर १०० वर. सगळे एकाच लॅबमधून केले, म्हणजे चढउतार कळायला सोपं. इंजेक्शन आणि तपासण्यांचा क्लेम ऑक्टोबरात टाकला, एका बिलावर केमिस्टचा शिक्का पुसट म्हणून परत आला, नवीन बिल घेऊन पुन्हा दिला. पैसे अजून यायचे आहेत.

आता आईची एक दाढ काढायची आहे. दाताच्या डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, रक्ताची गोळी तीन दिवस बंद करा. मॅडमना विचारलं. एका दाढेसाठी गोळी बंद करायची नाही. आदल्या दिवशी आयएनआर काढायचा, मर्यादेत असेल तर काढू दे, टाका घालून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या औषधाच्या, पाण्याने चूळ. कृत्रिम झडपेमुळे तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस मात्र हवाच. दोघांचे नंबर एकमेकांना दिले आहेत, गुरुवारची वेळ घेतली आहे.